चूलबंद आवतन

आचाऱ्याला पंगतीत पान नसतं. हजार माणसांचं रांधून झालं की गंजाच्या, म्हणजे मोठ्या पातेल्याच्या, बुडाशी जे उरतं ते ताटलीत घ्यायचं आणि भट्टीजवळ उभ्यानंच पोटात ढकलायचं. तोवर भूक मरून गेलेली असते. मी चौतीस वर्षं असा जेवलो आणि त्यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नाही.

आमचं गाव वलगावच्या पलीकडं. शेती दादा बघायचा, म्हणजे माझा मोठा भाऊ वसंतराव. माझं मन वावरात कधी रमलं नाही, चुलीजवळ रमलं. इकडं बडनेऱ्यापासून तिकडं शेंदूरजनाघाटापर्यंत, लग्न असो की तेरवी, ‘भाजी शेषरावची पाह्यजे’ असं लोक म्हणायचे. स्वतःच्या तोंडानं सांगू नये, पण माझ्या वांग्याच्या भाजीसाठी एका व्याह्यानं लग्नाची तारीख पुढं ढकलली होती. त्या दिवशी मी दुसरीकडं बांधलेला होतो.

भाजीइतकंच नाव रोडग्यांचं. रोडगा म्हणजे गव्हाच्या जाडसर पिठाचे पापुद्रे एकात एक घालून केलेला गोळा. तो गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात. बाहेरच्या माणसाला वाटतं, विस्तवात टाकला की झालं. तसं नसतं. ज्वाळा विझू द्यायची, धूर जाऊ द्यायचा, निखाऱ्यावर पांढरी राख धरू द्यायची, मग गोळे पुरायचे. निखारा जमायलाच तासभर जातो. घाई करणाऱ्याचा रोडगा वरून कोळसा आणि आतून कच्चा निघतो.

काम घेताना मी यजमानाला पहिला प्रश्न विचारायचो तो म्हणजे आवतन कसं आहे. आमच्याकडं जेवणाचं आवतन दोन तऱ्हेचं. एक, घरटी माणूस. म्हणजे घरातून एकानं यायचं. दुसरं चूलबंद, म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटवायचीच नाही, म्हाताऱ्या-कोताऱ्यांसकट सगळ्यांनी जेवायला यायचं. चूलबंद आवतन असलं की मी सकाळी शाळेच्या ओट्यावर चढायचो आणि गावावरून नजर फिरवायचो. ज्या घरावर धूर, ते घर रुसलेलं. तितकी माणसं कमी धरायची. गॅस आल्यावर हा हिशेब बुडाला, पण माझी सवय गेली नाही.

आणखी एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरूनच घडलं. भट्टी पेटवायच्या आधी यजमान आचाऱ्याच्या हातात नारळ देतो. आचारी भट्टीला हळदकुंकू वाहतो, नारळ फोडतो आणि मग काडी लावतो. अन्न बरकतीत यावं, खराब होऊ नये, ही त्यामागची भावना. मीही शेकडो नारळ फोडले, मनापासून फोडले.

माझी बायको तापानं गेली त्याच्या दुसऱ्या वर्षी अमरावतीच्या एका मास्तरांचं काम आलं. ख्रिस्ती माणूस, शाळेतून निवृत्त झालेला. नाताळचं जेवण, साठ पानं. गिऱ्हाईक विचित्र होतं. मिठाची चव बघा म्हटलं तर म्हणाले, “तुमचं काम तुमाले समजते. मी काय पाहू?” असं म्हणणारा यजमान मी तोवर पाहिला नव्हता. स्वयंपाक झाला तसे मास्तर भट्टीजवळ आले. “शेषराव, चला. तुमचं पान मांडलं.”

मला वाटलं, काही चुकलं. आत गेलो तर पहिल्याच पंगतीत मला आणि भांडी घासणाऱ्या दोघी बायांना बसवलं होतं. मास्तर स्वतः वाढत होते. पाहुणे उभे, आम्ही बसलेलो. मी म्हणालो, “मास्तर, हे उलटं होऊन राहिलं.” ते म्हणाले, “आमच्या प्रभूनं चेल्याईचे पाय धुतले होते. मी तं फकस्त भाजी वाढून राहिलो.”

माझीच भाजी मी पहिल्यांदाच पंगतीत बसून खाल्ली. बायको गेल्यापासून मला कोणी वाढलं नव्हतं, हे त्या पानावर बसल्यावर माझ्या ध्यानात आलं.

मग मी रविवारी त्यांच्याकडं जाऊ लागलो. आठ-दहा माणसं जमायची, प्रार्थना व्हायची, मास्तर येशूच्या गोष्टी वाचून दाखवायचे. कोणी मला काही दिलं नाही, कोणी भुलवलं नाही. हे गावाला आजही पटत नाही, ‘काय देलं रे त्याईनं तुले?’ असं विचारतातच. त्या गोष्टींमधला माणूस मला आवडला, एवढंच. तो कोणाच्याही घरी जेवायचा. ज्यांना कोणी पंगतीला घेत नसे त्यांच्याकडं आधी जायचा. त्याला हसले, मारलं, खिळे ठोकून ठार केलं, तरी मारणाऱ्यांसाठी त्यानं क्षमाच मागितली. हा देव आहे असं मला हळूहळू वाटू लागलं आणि एक दिवस खात्रीच झाली.

पण खात्री झाली ती पोटातल्या पोटात. गावात मी चकार शब्द काढला नाही. भट्टीला नारळ फोडत राहिलो. मनात ते उरलं नव्हतं, हात फक्त रीत पाळत होता. धंदा सांभाळायचा होता ना.

वर्षभरानं वलगावात एका लग्नाचं काम होतं. मी निखाऱ्याजवळ रोडगे उलटत बसलो होतो. नवरदेवाकडचे चार-पाच जण शेकायला आले. त्यांतला एक म्हणाला, “शेषराव, तुमी येशूवाले झाले म्हने? रविवारी अमरावतीले दिसता.”

दादाही लग्नाला आलेला, तिथंच उभा होता. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. मी हसलो आणि म्हणालो, “नाई बाप्पा! मी काहून जाऊ त्याईच्यात? तिथी मले जेवनाची ऑर्डर रायते.”

आचारी कुठंही दिसला तरी ‘ऑर्डर होती’ म्हटलं की झालं, कोणी पुढं विचारत नाही. हे खोटं आमच्या धंद्यात तयारच असतं. सगळे हसले. दादानं सुटकेचा श्वास टाकलेला मला ऐकू आला. पण मला त्या दिवशी पाणीसुद्धा गोड लागलं नाही.

रविवारी मी मास्तरांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, हाकलून देतील. त्यांनी चष्मा लावला आणि एका कोळ्याची गोष्ट वाचली. तो येशूचा जिवाभावाचा चेला. येशूला पकडून नेलं त्या रात्री हा अंगणात विस्तवाजवळ शेकत बसला होता. लोकांनी विचारलं, तू त्याच्यातलाच ना? हा म्हणाला, मी ओळखत नाही त्याला. एकदा नाही, तीनदा. मी मास्तरांना मध्येच थांबवलं. “बस मास्तर, समजलं.” ते म्हणाले, “थांबा. तुमच्या कामाचं पुढंच आहे.”

पुढचं असं. येशू मेला, पुन्हा उठला. हा कोळी तोंड लपवून आपल्या होडीवर गेला. सगळी रात्र जाळं टाकलं, हाती काही आलं नाही. उजाडताना बघतो तर काठावर येशू. निखारे केलेले, त्यावर मासळी, जवळ भाकर. आणि म्हणतो काय, या, जेवा.

मास्तर वाचत होते आणि माझं चित्त निखाऱ्यावर अडकलं होतं. निखारा आयता मिळत नाही हो. लाकूड गोळा करावं लागतं, पेटवून वाट बघावी लागते. म्हणजे हे सगळे पाण्यात असतानाच तो अंधारात येऊन बसला होता. ज्यानं ओळख नाकारली त्याच्यासाठी फुंकर मारत बसला होता. मरणातून उठल्यावर जगातला कोणताही मोठेपणा करता आला असता. त्यानं स्वयंपाक केला. मी त्या खोलीत हुंदके देऊन रडलो. वयाच्या बावन्नाव्या वर्षी.

मग मी बाप्तिस्मा घेतला. पुढच्या लग्नात यजमानानं नारळ पुढं केला तेव्हा हात जोडले आणि म्हणालो, “भाऊ, सैपाक मी जीव ओतून करतो. पन नारय तुमी फोडा. मी आता येशूचा आहे.”

त्यानं मुकाट फोडला. दोन-तीन ठिकाणी असंच निभावलं. मग वैशाखात एका तेरवीला वरण आंबलं. त्या उन्हात कोणाचंही आंबतं, माझं आधीही दोनदा आंबलं होतं. पण या वेळी कारण तयार होतं. नारळ न फोडणाऱ्या हाताला बरकत नाही, असं तालुकाभर झालं. एका मोसमात माझी सगळी कामं गेली. गजानन माझा पंधरा वर्षांपासूनचा जोडीदार, फार भला माणूस. तो खाली मान घालून झारे-कढया घेऊन गेला आणि स्वतः कामं धरू लागला. एका रविवारी माझ्या घरी चौघं प्रार्थनेला बसलो असताना गावातले काही जण आले. चहाचं भांडं नालीत उपडं केलं आणि त्यांतल्या एकानं माझ्या थोबाडीत मारली. त्याच्या लग्नात बुंदी मीच पाडली होती. मी काही केलं नाही. शूर होतो म्हणून नाही, भ्यालो होतो.

दादानं मारलं नाही की शिवी दिली नाही. फक्त म्हणाला, “तू गेला म्हनून धरून चालतो मी.” आणि आमच्या दोन घरांच्या मधल्या भिंतीतलं दार विटांनी बुजवून टाकलं. त्या दारातून त्याची वैशू रोज माझ्याकडं यायची. मला मूलबाळ नाही. ती पोरगी माझ्याच खांद्यावर मोठी झाली. तिचं पहिलं अन्न मी भरवलं होतं. तिच्या लग्नाचा स्वयंपाक मीच करणार, हे ती चार वर्षांची असल्यापासून ठरलेलं होतं.

मी अकोल्याला गेलो. बडनेऱ्याहून गाडीत बसलो तेव्हा बरोबर एक पेटी आणि एक सराटा, म्हणजे पोळ्या उलटायचं उलथनं, होता. तिथं मुलांच्या एका वसतिगृहात पोळी-भाजी करायचो. खोली एकट्याची. अकोल्याचा उन्हाळा आणि पत्र्याचं छत, त्याबद्दल काही बोलायलाच नको. दोनशे मुलांसाठी रांधून खोलीवर आलो की स्वतःसाठी काही करावंसं वाटत नसे. दिवाळीला वसतिगृह ओस पडायचं. पहिल्या दिवाळीला मी चार दिवस कोणाशी एक शब्द बोललो नव्हतो. पाचव्या दिवशी दूधवाल्याला हाक मारली तर आवाज फुटेना. तेव्हा मनात आलंच, शेषराव, एक नारळ तर फोडायचा होता. कोण बघत होतं तुझ्या मनात?

हे मी लपवत नाही. असं बरेचदा मनात आलं. पण दर वेळी तो काठावरचा निखारा आठवायचा, आणि मी भिंतीकडं तोंड करून मोठ्यानं म्हणायचो, “प्रभू, आहेस ना?” उत्तराचा आवाज कधी आला नाही. पण रिकाम्या खोलीत बोलतो आहे असंही कधी वाटलं नाही. त्यावरच सहा वर्षं काढली.

गुडघे गेले तसा गावी परतलो. लोक मारायला आले नाहीत, बोलायलाही आले नाहीत. आणि वर्षभरात वैशूचं लग्न निघालं.

दादानं निरोप पाठवला गजाननकडून. गजानन उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. “शेषरावभाऊ, वसंतराव म्हनते, एक नारय फोडा. बस. मंग भट्टी तुमची, पोरगी तुमची, झालंगेलं सगळं बुजवू. नाई तं येऊ नका.”

“वैशू काय म्हनते?”

“रडून राहिली. काका पाह्यजे म्हनते.”

मी गजाननला दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. रात्रभर त्या एका नारळाभोवती फिरत होतो. एवढीशी तर गोष्ट. पण मला माझा वलगावचा आवाज पक्का आठवत होता, ‘नाई बाप्पा’ म्हणणारा. तेव्हा धंद्यासाठी नाही म्हटलं होतं, आता पोरीसाठी म्हणायचं. सकाळी गजाननला सांगितलं, “वैशूसाठी मी जीव देईन. पन त्याले पुन्हा नाई म्हननं माह्याच्यानं होत नाई.” तो गेल्यावर मी दार लावून घेतलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी दादाची माणसं आवतन देत फिरली. चूलबंद. शेजारच्या घरी आवाज आला, समोरच्या घरी आला, माझं दार गाळून पुढं गेला. दुसऱ्या दिवशी मी अंगणात चूल पेटवली. घरात गॅस होता. मला चुलीची गरज नव्हती, पण सगळ्या गावात एकाच घरावर धूर आहे हे दादाला दिसावं असं वाटलं. खुन्नस होती ती, देवभक्ती नव्हती.

भात चढवला आणि मांडवाकडून वाऱ्यावर वास आला. वांग्याची भाजी, आणि तिचं बूड लागायला सुरुवात झालेली. नाक खोटं सांगत नाही. एकदा करपट वास वरपर्यंत चढला की हजार माणसांची भाजी गेली आणि पंगत तर बसायला आलेली. ऐन वेळी दुसरी भाजी होत नाही. वऱ्हाडी ताटावरून उठले असते आणि वैशूला ते जन्मभर ऐकावं लागलं असतं.

मी चपलाही न घालता निघालो. मांडवामागं भट्टीपाशी गजानन झारा घालून घसाघसा ढवळत होता. मी भट्टीभोवती बांधलेल्या दोरीच्या बाहेरच थांबलो. अन्नाला हात लावला असं कोणी म्हणू नये म्हणून दोन्ही हात पाठीमागं धरले.

“गजानन, ढवळू नको! थांबव हात! विस्तव ओढ आधी.”

तो दचकून थांबला.

“आता वरची भाजी अलगद दुसऱ्या गंजात घे. बुडाले झारा लागला नाई पाह्यजे. चार बोटं खाली राहू दे, जाऊ दे ते. अन् वरून ताजी फोडनी दे.”

त्यानं तसंच केलं. भाजी वाचली. मान वर केली तर पलीकडं दादा उभा. त्याच्या मागं, मांडवाच्या कनातीच्या फटीतून, हळदीनं पिवळी झालेली वैशू दिसली. ‘जेवून जा’ असं कोणीतरी म्हणेल म्हणून मी क्षणभर रेंगाळलो, हे कबूल करतो. मग घरी आलो. चूल विझली होती, भात अर्धा कच्चा राहिला होता. तोच खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, वैशू सासरी गेल्यावर, दादा आला. सात वर्षांनी. चपला दारात काढल्या, आत येऊन भिंतीला टेकला आणि म्हणाला, “चहा मांड.”

मी दोन कप मांडला.

“काल काहून आला? आवतन नोतं तुले.”

“भाजी लागली होती, दादा.”

दादानं भिंतीतल्या बुजवलेल्या दाराकडं बघितलं. मग म्हणाला, “एक खरं सांग. बायको नाई, लेकरू नाई. धंदा गेला, गाव गेलं, मी गेलो. काय भेटलं रे तुले त्या येशूपायी?”

मी चहा गाळला, त्याच्यासमोर ठेवला. “दादा, मी जनमभर लोकाईले वाढलं. ये, बस, जेव असं मले म्हननारा तो भेटला. अन् तेही कवा? मी त्याले ओळखत नाई, असं तुह्यासमोर सांगून आलो त्याच्यानंतर.”

“अन् हे असं एकटं पडनं?”

“ते आहेच. खोटं काहून बोलू? घर खायले उठते. काल वैशूले दुरून पायलं तं छाती फुटून राहिली होती. पन सगळे उठून गेले दादा, तो नाई गेला. त्याच्यासाठी हे पुन्हा करा लागलं तं मी पुन्हा करीन.”

दादा कपाकडं बघत राहिला. तेवढ्यात गल्लीतून आवाज आला, “शेषराव, वसंतराव अथी आहेत का?” गावच्या पाटलांच्या घरचा माणूस होता, मांडव कधी सोडायचा ते विचारायला दादाला शोधत होता. दादा ताडकन उठला. माझ्याकडं न बघता परसदारातून बाहेर पडला. कप तसाच भरलेला.

मला राग आला नाही. मीही विस्तवाजवळ बसून असंच नाही म्हटलं होतं.

तो माणूस दारात येऊन उभा राहिला. आत बघितलं, दोन कप बघितले, खाली बघितलं. “मंग ह्या चपला कोनाच्या?”

खोटं मी एकदा बोलून चुकलो होतो, आणि खरं सांगून भावाला उघडं पाडवेना. तो माणूस चपलांकडं बघत उभा, मी चुलीकडं बघत बसलेलो.

मग परसदाराची कडी वाजली. दादा आत आला. अनवाणी, पायांना ओली माती लागलेली. त्या माणसाच्या समोरून येऊन तो आपल्या जागेवर बसला आणि कप उचलला.

“माह्या आहेत,” तो म्हणाला. “तू हो पुढं. मी भावाकडचा चहा पिऊन येतो.”